नाव दोन फूट वर

पत्रांनी काही झालं नाही.
शाळेच्या शिक्क्याची तीन पत्रं मी पाठवली:
लाकूडगिरणीला, नगरपालिकेला, साल्मनच्या कंपनीला.
उत्तर आलं ते कंपनीचंच,
पैसे देऊ, पण नावेच्या दोन्ही अंगांवर आमचं नाव.
मुलांनी हात वर करून मत दिलं.
एकोणीस नको, दोन हो.
त्या दोघांचे बाप कंपनीत कामाला.
मधल्या सुट्टीत त्यांना कुणी काही बोललं नाही,
ते मला मतदानापेक्षा मोठं वाटलं.

मग मी दारोदार निघाले.
आमच्या चिलोए बेटावर घर हलवायचं झालं
तर बैल जुंपून अख्खं गाव येतं,
घर ओंडक्यांवरून घरंगळत नव्या जागी जातं,
आणि मालकीण सगळ्यांना जेवू घालते.
मी म्हटलं, तशीच इर्जिक समजा.
फक्त घराऐवजी नाव,
आणि मालकीण म्हणून पाचवीचा वर्ग.

गिरणीवाल्या ओत्सेन बाईंनी सायप्रसच्या फळ्या दिल्या,
गाठी असलेल्या, विकल्या न जाणाऱ्या.
बंबवाल्यांनी शेड दिली.
जून-जुलै लाल बंब बाहेर भिजत उभा,
वर ताडपत्री, जशी म्हाताऱ्याच्या खांद्यावर शाल.
जाळी विणणाऱ्या बायका म्हणाल्या,
आमच्याकडे द्यायला काही नाही.
आणि रोज चार वाजता बटाट्याच्या भाकरी घेऊन आल्या.

राहिला कारागीर.
रोसामेल बार्रिया, वय चौऱ्याहत्तर,
फायबरच्या होड्या आल्या तेव्हापासून
वाकस गंजत ठेवलेला.
म्हणाला, "शिकवतो. पण करवत आहे, तासणी आहे.
त्या न दिसणाऱ्या पोरीला आणि खुर्चीतल्या पोराला
रंगबिंग द्या शेवटी."
मी म्हटलं, सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नको.
त्याने दार लावून घेतलं.

चौथ्या दिवशी ओहोटीला तो शाळेत आला.
टोपी काढली नाही, बसला नाही.
एवढंच विचारलं,
"पोराच्या खुर्चीची उंची किती?"

त्याने नाव घोड्यांवर चढवली, दोन फूट वर.
आबनेर खुर्चीसकट तिच्या पोटाखाली शिरला,
वर हात करून खिळे ठोकू लागला,
केसांत भुसा, तोंडात चार खिळे,
ओरडायला तोंड मोकळं नाही म्हणून माझा नाइलाज.
महिन्याभराने रोसामेल हळूच म्हणाला,
"साठ वर्षं वाकून काम केलं.
घोडे उंच करायचं कुणाला सुचलं नाही.
माझ्या कमरेलाही नाही."

नाएलिन बोटांनी फळ्या वाचायची.
सांध्यांवरून हात फिरवत पुढे जायची,
शिधा मोजावा तशी सावकाश.
एकदा डाव्या अंगाला, सातव्या फळीशी थांबली.
"इथून वारा येतोय."
रोसामेलने डोळा लावला. मीही लावला.
दिसलं नाही काही.
"लाकूड फुगेल पाण्यात," तो म्हणाला,
आणि पुढे गेलो आम्ही. दोघंही. डोळसपणे.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी नाव पाण्यात गेली.
पाद्री आला, बंबाचा भोंगा वाजला,
कंपनीतले ते दोन बापही आले, मागे उभे राहिले,
आणि ढकलायची वेळ आली तेव्हा पुढे.

नाव तरंगली.
आणि गळली.
डावं अंग, सातवी फळी.

बुडण्याइतकं काही नाही, बूट भिजण्याइतकंच.
मुलं डब्यांनी पाणी उपसत हसत होती.
किनाऱ्यावर मी मात्र नाएलिनकडे बघू शकले नाही.
तिला ते दिसणार नव्हतं, हे माहीत असूनही.

सोमवारी शेडमध्ये गेले तर नाव पुन्हा घोड्यांवर.
रोसामेल आपला जुना लाकडी हातोडा
आणि आलेर्सेच्या सालीचा काथ्या घेऊन बसलेला.
काही बोलला नाही तो.
हातोड्याचा दांडा तिच्या तळहातात ठेवला,
आणि स्वतः डोळे मिटून
तिच्या बोटांमागून बोटं नेऊ लागला,
पहिल्या फळीपासून.